आधी चीर, मग विहीर

डिसेंबर १९८३. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या हेमेझ डोंगरात, अडीच हजार मीटरहून जास्त उंचीवर, फेंटन हिल नावाच्या माळावर पंप सुरू झाले आणि सुमारे अडीच दिवस चालत राहिले. साडेतीन किलोमीटर खाली ग्रॅनाइटच्या पोटात दोन कोटी लिटरहून अधिक पाणी प्रचंड दाबानं घुसवलं गेलं. लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांचा हिशेब साधा होता. त्या खोलीवर दोन विहिरी तिरप्या, एकीच्या वर दुसरी अशा नेल्या होत्या. खालच्या विहिरीतून दाब दिला की खडकाला उभी चीर जाईल, ती वर सरकत दुसऱ्या विहिरीला भेटेल, आणि खालून सोडलेलं थंड पाणी तापून वरच्या विहिरीतून बाहेर येईल.

चीर गेली. खडकाच्या जुन्या सांध्यांमध्ये पाणी शिरलं आणि प्रत्येक सांधा हलताना एक बारीकसा कंप उठला. जमिनीवर कुणाला जाणवणार नाहीत असे हे कंप विहिरींमध्ये सोडलेल्या संवेदकांनी टिपले. एकेका कंपाची जागा नकाशावर मांडत गेल्यावर ठिपक्यांचा मोठा ढग तयार झाला. हा ढग उभा नव्हता. तो तिरपा, जवळपास विहिरींच्याच दिशेनं कललेला होता. वरची विहीर त्याच्या बाहेर राहिली. दोन विहिरींमध्ये चारशे मीटरही अंतर नव्हतं, तरी एकीतलं पाणी दुसरीत आलं नाही.

पेट्रोलियम अभियांत्रिकीचं शास्त्र तेलाच्या धंद्यातून पृथ्वीच्या उष्णतेकडे कसं आलं, हा इतिहास सांगताना पुष्कळजण अलीकडच्या एखाद्या कंपनीपासून सुरुवात करतात. माझ्या मते तो या फसलेल्या अडीच दिवसांपासून सांगायला हवा. पुढच्या चाळीस वर्षांत जे साधलं, त्याचा मुख्य धडा त्या तिरप्या ढगात होता.

जमिनीखाली उष्णता सगळीकडे आहे. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसनं तापमान चढतं. तरीही भूऔष्णिक वीज मोजक्याच जागी होत आली, कारण नुसती उष्णता पुरत नाही. ती वर आणायला पाणी लागतं, आणि ते पाणी खडकातून वाहायला वाटा लागतात. या तिन्ही गोष्टी निसर्गानं एकत्र दिल्या आहेत, अशा जागा थोड्या. इटलीतलं लार्देरेल्लो त्यांपैकी एक. तिथं १९०४ साली प्रिन्स पिएरो जिनोरी काँती यांनी जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवले, आणि १९१३ साली अडीचशे किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं. कॅलिफोर्नियातलं 'द गीझर्स' हे दुसरं. तिथं १९६० साली ११ मेगावॅटचा पहिला संच चालू झाला. काही वर्षांतच युनियन ऑइल ही तेल कंपनी त्यात उतरली आणि तेलविहिरी खणणारी माणसं वाफेच्या विहिरी खणू लागली. तेलविहिरीत खणणाऱ्या पाइपाचं टोक, म्हणजे बिट, थंड ठेवायला आणि खडकाचा चुरा वर आणायला जड चिखल फिरवतात, त्याला रिगवर 'मड' म्हणतात. वाफेच्या थरात हाच मड चिरा बुजवतो. म्हणून तिथं शेवटच्या टप्प्यात मडऐवजी दाबाची हवा वापरून खणायची पद्धत बसवली गेली. तेलवाल्यांची विद्या उष्णतेच्या कामी येते, पण ती जशीच्या तशी चालत नाही, हे गीझर्सवर कळलं.

लॉस अलामोसच्या मंडळींचा प्रश्न याहून कठीण होता. जिथं पाणी नाही, वाटाही नाहीत, नुसता तापलेला कोरडा ग्रॅनाइट आहे, तिथं काय करायचं? अणुबाँबसाठी जन्मलेल्या या प्रयोगशाळेत १९७०च्या सुमारास खडक वितळवत खाली जाणाऱ्या एका यंत्रावर काम चालू होतं. त्याच गटातल्या रॉबर्ट पॉटर यांच्या डोक्यात वेगळी कल्पना आली. तेलधंद्यात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून विहिरीत दाबानं द्रव घालून खडकाला चिरा पाडण्याची पद्धत रूढ झाली होती. कॅन्ससमधल्या वायूक्षेत्रात १९४७ साली तिचा पहिला प्रयोग झाला आणि दोन वर्षांत ती धंद्यात आली. हीच युक्ती कोरड्या ग्रॅनाइटवर वापरायची, एका विहिरीतून पाणी घालायचं आणि चिरांमधून तापून आलेलं पाणी दुसरीतून काढायचं. पॉटर, युजीन रॉबिन्सन आणि मॉर्टन स्मिथ यांच्या नावानं जानेवारी १९७४ मध्ये या कल्पनेचं पेटंट निघालं.

१९७४ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. अरबांच्या तेलबंदीनं जग हादरलेलं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या अरबी समुद्रात 'सागर सम्राट' या रिगला बॉम्बे हायचं तेल लागलं. आणि त्याच वर्षी फेंटन हिलवर जीटी-२ ही विहीर जवळपास तीन किलोमीटर खोल गेली. जागा विचार करून निवडली होती. हेमेझमधल्या जुन्या ज्वालामुखीच्या कुंडाच्या पश्चिम काठाबाहेर ग्रॅनाइट तुलनेनं उथळ मिळतो आणि भरपूर तापलेला असतो. तीन किलोमीटरवर तिथं दोनशे अंशांच्या आसपास तापमान मिळालं.

पुढच्या वर्षी ईई-१ ही दुसरी विहीर खणली आणि अडचणींना सुरुवात झाली. जीटी-२ नं पाडलेल्या चिरेला ईई-१ नं गाठायचं होतं. पण तीन किलोमीटर खाली विहिरीचं टोक नेमकं कुठं आहे, हे सांगणारी उपकरणं त्या काळात भरवशाची नव्हती, आणि उष्णतेत तर मुळीच नव्हती. मोजणीतल्या चुकीमुळे विहीर लक्ष्यापासून हुकली. शेवटी जीटी-२चा खालचा भाग पुन्हा वळवून खणला, आणि १९७७ साली दोन विहिरींमधून पाणी फिरू लागलं. माणसानं स्वतः तयार केलेल्या वाटांमधून कोरड्या खडकाची उष्णता वर येण्याची जगातली ही पहिली वेळ. पुढच्या तीन वर्षांत या जोडीनं काही मेगावॅट इतकी उष्णता दिली. १९८० साली तिच्यावर ६० किलोवॅटचा एक छोटा जनित्रसंचही चालवून पाहिला. आकडा किरकोळ आहे, पण कल्पना खरी ठरली होती. जर्मनी आणि जपान पैसे आणि माणसं घेऊन प्रकल्पात सामील झाले.

मग दुसरा टप्पा आखला गेला. आणखी खोल, आणखी तापलेला खडक. ईई-२ सुमारे साडेचार किलोमीटर खोल गेली. तिच्या तळाशी तापमान ३२० अंशांच्या आसपास होतं. या तापमानात त्या काळचं काहीच टिकत नव्हतं. मोजमापाच्या नळकांड्यांतली इलेक्ट्रॉनिक्स जळत, रबराची सीलं वितळत, केबलींचं आवरण जात असे. चिरा उघडल्यावर त्या कुठं गेल्या हे ऐकण्यासाठी संवेदक खाली ठेवणं ही स्वतंत्र तपश्चर्या होती. आणि इतकं करून डिसेंबर १९८३ चा तो ढग तिरपा निघाला.

असं का झालं, याचं उत्तर लॉस अलामोसच्या लोकांनी कागदावर सविस्तर मांडून ठेवलं. त्यांनी गृहीत धरलं होतं की दाब दिला की एकसंध खडकात नवी, नाण्यासारखी गोल आणि उभी चीर पडते. प्रत्यक्षात ग्रॅनाइट एकसंध नसतो. त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे, खनिजांनी बुजलेले सांधे असतात. दाब वाढला की आधी ते उघडतात, आणि कोणते उघडतील हे खडकातले ताण ठरवतात. तिथं माणसाच्या आराखड्याला जागा नसते. दोन्ही विहिरी आधी खणून मग त्यांच्यामध्ये वाट पाडायची, हा क्रमच उलटा होता.

उपाय याच निष्कर्षातून निघाला. ईई-३ ही वरची विहीर काही खोलीपर्यंत बुजवून १९८५ साली तिला नवा फाटा काढला, आणि तो मुद्दाम कंपांच्या ढगातून नेला. ढगात शिरल्यावर जोड लागली. १९८६ मध्ये महिनाभर पाणी फिरवलं, तेव्हा १९० अंशांच्या आसपासचं पाणी वर येत होतं आणि सुमारे १० मेगावॅट उष्णता मिळत होती. आधी चीर पाडा, ती कुठं गेली ते ऐका, मग दुसरी विहीर तिच्यातून न्या. पुढच्या पिढीला फेंटन हिलनं दिलेली ही सगळ्यात मोठी देणगी.

प्रकल्पाचा शेवट मात्र दुःखद झाला. तेल पुन्हा स्वस्त झालं होतं. जर्मनी आणि जपान बाहेर पडले. १९९२ साली दीर्घ मुदतीची चाचणी सुरू झाली. ११२ दिवस पाणी फिरलं, वर येणाऱ्या पाण्याचं तापमान जवळजवळ कायम राहिलं, आणि तेवढ्यात जमिनीवरचे पंप बंद पडले. खडकानं साथ दिली, विहिरींनीही दिली. बिघडली ती बाजारात मिळणारी यंत्रं. नवे पंप आणून सलग वर्ष-दोन वर्षं चालवण्याइतका पैसा सरकारनं दिला नाही. १९९५ मध्ये प्रकल्प बंद झाला. एका पिढीचं काम पंपांपायी अर्धवट सोडणं ही मोठी चूक होती, असं मला ठामपणे वाटतं.

एक गोष्ट मात्र त्या लोकांनी बंद पडू दिली नाही: लेखन. विहीरवार, चाचणीवार अहवाल, त्यात फसलेले प्रयोगही तितक्याच तपशिलानं. डोनाल्ड ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे २०१२ साली या सगळ्याचा जाडजूड ग्रंथ काढला. याच ब्राउन यांनी २००० साली एक धाडसी सूचनाही केली होती. खडकात पाण्याऐवजी दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड फिरवा. तो पाण्यापेक्षा सहज वाहतो, खनिजं विरघळवून नळ्या खराब करत नाही, आणि त्यातला काही भाग खडकात मुरून कायमचा खालीच राहतो. उष्णता काढणं आणि कार्बन पुरणं, ही दोन्ही कामं एका विहिरीत.

कार्बन पुरण्याचं काम तोवर दुसरीकडे सुरू झालेलं होतं. फेंटन हिल बंद पडल्याच्या पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, नॉर्वेच्या स्टॅटऑइल कंपनीनं उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर क्षेत्रावर त्याला हात घातला. तिथल्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. ग्राहकाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नव्हता, म्हणून तो वेगळा काढावाच लागे. हवेत सोडला असता तर नॉर्वेनं १९९१ साली लावलेला कार्बन कर भरावा लागला असता. कंपनीच्या अभियंत्यांनी समुद्रतळाखाली, आठशे ते हजार मीटर खोलीवरच्या उत्सिरा नावाच्या खाऱ्या पाण्यानं भरलेल्या वालुकाश्मात वर्षाला सुमारे दहा लाख टन वायू घालायला सुरुवात केली. वायू खाली काय करतो आहे, हे बघायला तेलवाल्यांचीच भूकंपीय छायांकनाची पद्धत होती. काही वर्षांच्या अंतरानं तेच चित्र पुन्हा काढायचं आणि फरक पाहायचा. त्या चित्रांत वायूचा लोट नऊ थरांत पसरलेला स्पष्ट दिसतो. तेल शोधणं आणि कार्बन पुरणं यांत काम तेच असतं, फक्त प्रवाह उलटा. स्लाइपनरला हे घडलं ते एका करामुळे. कर नसता तर त्या अभियंत्यांचं सगळं कौशल्य तसंच पडून राहिलं असतं.

फेंटन हिलची विद्या दरम्यान भलत्याच ठिकाणी पोचली होती. १९७० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकनं कृत्रिम हिऱ्याचा पातळ थर कठीण मिश्रधातूच्या चकतीवर बसवून खोदाईच्या बिटसाठी एक नवा दात तयार केला. ग्रॅनाइटसारख्या कठीण, तापलेल्या खडकात विहिरी स्वस्तात खणायच्या म्हणून अमेरिकेच्या भूऔष्णिक कार्यक्रमातून सँडिया प्रयोगशाळेनं या हिरेदातांच्या बिटवर बरीच वर्षं काम केलं. पण त्या बिटचा फायदा उचलला तेलधंद्यानं. मऊ गाळखडकात ती इतकी झपाट्यानं चालली की आज तेलविहिरींची बहुतेक खोदाई हिरेदातांनीच होते. सूक्ष्मकंप ऐकून चिरांचा नकाशा काढण्याचं तंत्रही तसंच गेलं. टेक्सासमधल्या वायूविहिरींवर १९९७ साली झालेल्या प्रयोगाच्या नोंदी वाचण्यात लॉस अलामोसचे भूकंपशास्त्रज्ञ होते. फोर्ट वर्थजवळच्या बार्नेट शेल या घट्ट गाळखडकातून वायू काढण्यासाठी जॉर्ज मिचेल यांची कंपनी तेव्हा जवळपास दोन दशकं झगडत होती. १९९८ च्या सुमारास महागड्या जेलऐवजी मुख्यतः पाणी आणि वाळू वापरून त्यांना वाट सापडली. २००२ साली डेव्हन कंपनीनं त्यांना विकत घेतलं, आणि त्या पद्धतीला आडव्या विहिरींची जोड मिळाली. एक विहीर खाली जाऊन आडवी वळते, थरातून किलोमीटर-दोन किलोमीटर धावते, आणि तिच्या लांबीवर एकामागून एक टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यात वेगळी चीर काढतात. अमेरिकेचं तेल-वायूचं चित्र यामुळं पालटलं, आणि त्याबरोबर हवेत गेलेल्या कार्बनचा हिशेबही फुगला. उष्णतेसाठी घडवलेली हत्यारं जाळायच्या इंधनासाठी वापरली गेली, याचं मला वाईट वाटतं. पण त्या वीस वर्षांत लाखो फूट खोदून जी सफाई आली, ती सरकारी प्रयोगशाळेच्या दोन-चार विहिरींतून कधीच आली नसती, हेही तितकंच खरं.

युरोपनं या काळात वेगळा मार्ग धरला. फ्रान्सच्या अल्सास प्रांतात पेशेलब्रॉनचं जुनं तेलक्षेत्र आहे. १९२७ साली श्लुम्बर्जे बंधूंच्या मंडळींनी विहिरीत विजेची तार सोडून खडकाचे थर ओळखण्याचा जगातला पहिला प्रयोग तिथंच केला. तिथल्या तेलविहिरींत तापमान अपेक्षेपेक्षा जास्त असल्याची नोंद होतीच. त्या आधारे शेजारच्या सुल्त्स गावात १९८७ पासून युरोपचा उष्ण खडकाचा प्रकल्प चालला, विहिरी पाच किलोमीटरपर्यंत गेल्या, आणि फेंटन हिलचाच धडा पक्का झाला: नव्या चिरा पाडण्याच्या मागं लागू नका, आहेत ते सांधे उघडा.

पण सांधे उघडणं म्हणजे खडक सरकवणं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराखाली डिसेंबर २००६ मध्ये पाच किलोमीटर खोल पाणी दाबलं गेलं आणि ८ डिसेंबरला ३.४ क्षमतेचा धक्का बसला. १३५६ साली भूकंपानं उद्ध्वस्त झालेलं ते शहर घाबरलं, आणि प्रकल्प कायमचा थांबला. दक्षिण कोरियातल्या पोहांगमध्ये १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.५ क्षमतेच्या भूकंपानं माणसं जखमी झाली, घरं पडली. तो भूऔष्णिक विहिरीतल्या दाबामुळं चेतवला गेला, असा निष्कर्ष सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञगटानं २०१९ मध्ये काढला. पाणी आणि दाब यांनी खडक कसा हलतो, हे महाराष्ट्राला कुणी वेगळं सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला ६.३ क्षमतेचा भूकंप झाला, त्याआधी पाच वर्षांपासून धरणात पाणी साठत होतं. तिथल्या धक्क्यांचं मूळ शोधायला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या कराडजवळच्या संस्थेनं २०१७ मध्ये गोठणे इथं तीन किलोमीटरचं संशोधन-बोअर पूर्ण केलं. सव्वा किलोमीटरच्या बेसाल्टखाली ते ग्रॅनाइटमध्ये उतरलं. उष्णतेसाठी असो की कार्बनसाठी, दख्खनमध्ये कुणाला खोल जायचं असेल तर त्या बोअरच्या नोंदींवरून नजर फिरवल्याशिवाय पहिला पाइपही उतरवू नये.

२००६ सालीच एमआयटीनं अमेरिकन सरकारसाठी एक मोठा अहवाल लिहिला. अठरा जणांच्या त्या गटाचे प्रमुख होते जेफरसन टेस्टर, तरुणपणी फेंटन हिलच्या प्रकल्पात काम केलेले. खडकातली उष्णता अपार आहे, अडचण विहिरींच्या खर्चाची आणि चिरांची आहे, आणि थोडा धीर धरून सार्वजनिक पैसा घातला तर पन्नास वर्षांत १०० गिगावॅटपर्यंत जाता येईल, असं अहवालाचं सांगणं होतं. यानंतर फार वर्षांनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं पुन्हा एक प्रयोगभूमी उभारायचं ठरवलं. २०१८ मध्ये युटा राज्यातल्या मिलफर्ड गावाजवळचं ठिकाण निवडलं गेलं. युटा विद्यापीठाच्या जोसेफ मूर यांच्या नेतृत्वाखालच्या या प्रकल्पाचं नाव फोर्ज. त्याची मला आवडलेली अट अशी की मिळालेली माहिती सगळ्यांसाठी खुली राहील.

इथं तेलवाल्यांची विद्या खऱ्या अर्थानं परतली. ऑक्टोबर २०२० मध्ये पहिली तिरपी विहीर सुरू झाली. ती ग्रॅनाइटमध्ये उभ्या रेषेपासून ६५ अंशांनी कलती नेऊन साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब करायची होती. आपल्याकडे शिवारात बोअर मारताना दगड कठीण लागला की मालकाचा जीव टांगणीला लागतो, कारण फुटाफुटाला पैसे मोजायचे असतात. तीन किलोमीटर खोलीवर तोच हिशेब कितीतरी पटींनी महाग होतो. बिट झिजली की सगळे पाइप एकेक करून वर काढायचे, बिट बदलायची, पुन्हा सगळे खाली सोडायचे. एका फेरीत दिवसाचा बराचसा भाग जातो आणि रिगचं भाडं चालूच असतं.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे फ्रेड डुप्रिएस्ट आणि सॅम नॉयनार्ट यांनी फोर्जच्या खोदाईत हात घातला. डुप्रिएस्ट यांनी त्याआधी अनेक दशकं एक्सॉनमोबिलमध्ये विहिरी खणण्यात घालवली होती. त्यांचं शिकवणं रिगवरच्या माणसांच्या सवयींशी भिडणारं होतं. बिट खाली थरथरू लागली की ड्रिलर सवयीनं तिच्यावरचं वजन कमी करतो. पडद्यावर एक आकडा सतत ठेवा, असं त्यांनी सांगितलं: एक घनमाप खडक फोडायला किती ऊर्जा जाते तो. आर. टील यांनी १९६५ साली मांडलेलं हे माप. खडक तोच आणि आकडा अचानक चढला, म्हणजे ऊर्जा खडकात न जाता थरथरण्यात वाया चालली आहे. थरथर कोणती, हे ओळखायचं. बिट भोकात भोवऱ्यासारखी इकडेतिकडे आपटत असेल तर वजन कमी न करता वाढवायचं, म्हणजे दात खडकात रुततात आणि बिट जागेवर बसते. नळीला पीळ पडून ती अडखळत, सुटत फिरत असेल तर उलट करायचं, वजन घटवून फेरे वाढवायचे. हे सगळं विहीर सुरू होण्याआधी रिगवरच्या माणसांना बसवून शिकवलं. ग्रॅनाइट रगडणाऱ्या जुन्या तीन-चाकी बिटऐवजी हिरेदातांची बिट लावली, जी खडक रगडत नाही, तासते. भूऔष्णिक कार्यक्रमानं चाळीस वर्षांपूर्वी जोपासलेलं हे हत्यार तेलक्षेत्रांत धार लावून घेऊन ग्रॅनाइटमध्ये परत आलं होतं. विहीर जानेवारी २०२१ पर्यंत झालीसुद्धा.

फोर्जनं पुढचा क्रम फेंटन हिलच्या धड्यानुसार लावला. दुसरी विहीर लगेच खणली नाही. एप्रिल २०२२ मध्ये पहिल्या विहिरीच्या टोकाकडे तीन टप्प्यांत चिरा पाडल्या आणि कंपांचे ढग कुठं गेले ते नोंदवलं. मग २०२३ मध्ये दुसरी विहीर पहिलीच्या सुमारे शंभर मीटर वरून, समांतर, त्या ढगांमधून नेली. २०२४ मध्ये आणखी चिरा पाडून जवळपास महिनाभर पाणी फिरवलं, आणि सोडलेल्या पाण्यातलं बहुतांश गरम होऊन दुसऱ्या विहिरीतून परत आलं. १९८३ साली फसलेला हिशेब जमला तो असा.

तेलक्षेत्र सोडून आलेला एक तरुण या वेळेपर्यंत फोर्जपासून फार दूर नव्हता. टिम लॅटिमर यांनी टेक्सासमध्ये बीएचपीसाठी विहिरी खणल्या होत्या. तो धंदा सोडून ते स्टॅनफर्डला शिकायला गेले आणि २०१७ मध्ये जॅक नॉरबेक यांच्याबरोबर फर्वो ही कंपनी काढली. नेव्हाडातल्या ब्लू माउंटन केंद्राजवळ त्यांनी शेल-वायूच्या विहिरींच्या पद्धतीनं दोन आडव्या विहिरी खणल्या, प्रत्येकीचा आडवा भाग सुमारे एक किलोमीटर, खडक १९० अंशांच्या घरात. २०२३ च्या उन्हाळ्यात महिनाभराच्या चाचणीचे निकाल आले: सेकंदाला ६३ लिटरपर्यंत प्रवाह, साडेतीन मेगावॅट वीज. फेंटन हिलच्या ६० किलोवॅटच्या जनित्राशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. पुढचं केंद्र त्यांनी फोर्जच्या शेजारीच, मिलफर्डजवळ घेतलं. तिथं विहीर खणायचे दिवस सुमारे २१ वर आले आणि एका विहिरीचा खर्च ९४ लाख डॉलरवरून ४८ लाखांपर्यंत घसरला, असं कंपनीनं जाहीर केलं. कंपनीचे आकडे म्हणून ते जपून घ्यावेत. पण फोर्जच्या खुल्या नोंदी शेजारीच असल्यानं ते ताडून पाहता येतात, आणि वेग वाढल्याचं त्यांतही दिसतं. खडक किती वर्षांत थंड होतो, हा प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे. फेंटन हिलच्या एका चाचणीत ११२ दिवस तापमान टिकलं यावरून तीस वर्षांचा भरवसा देता येत नाही. तो फक्त चालवूनच मिळेल.

भारतात हे काम ज्या कंपनीकडे आलं तीही तेलाचीच. लडाखच्या पूगा खोऱ्यात, ४,४०० मीटर उंचीवर, जमिनीतून उकळतं पाणी येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं १९७० च्या दशकात तिथं ३४ बोअर मारले होते. सगळ्यात खोल ३८५ मीटरच्या आसपास. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीनं लडाख प्रशासनाबरोबर करार केला. आधी एक मेगावॅटचं छोटं केंद्र, मग खोल शोध, असा बेत होता. २०२२ च्या उन्हाळ्यात खोदाई सुरू झाली. विहिरीतलं गरम पाणी वर उसळून पूगा नाल्यात जाऊ लागलं आणि काम थांबवावं लागलं. बॉम्बे हायचा अनुभव गाठीशी असलेल्या कंपनीलाही उथळ, उकळत्या, फुटक्या खडकातली विहीर नवी होती. यात कमीपणा काहीच नाही. फेंटन हिलवर तर याहून मोठे प्रसंग ओढवले. माझी मागणी एवढीच आहे की पूगाच्या प्रत्येक विहिरीत किती खोलीवर काय लागलं, दाब किती होता, केसिंग, म्हणजे विहिरीच्या आतली पोलादी नळी, कुठवर उतरवलं होतं, सिमेंट कुठं धरलं आणि कुठं नाही, पाणी वर यायला लागलं तेव्हा काय करून पाहिलं, हे सगळं ओएनजीसीनं विहीरवार छापावं, आणि पुढच्या विहिरीचा आराखडा त्यावर आधारावा.